बोटाला आठवत होतं

करागांडात कोळसा इतका
की बर्फसुद्धा राखाडीच पडतो.
अगाता फ्रीझनला बोलावणं आलं मंगळवारी,
पाव मळत असताना.
तशीच निघाली, नखांत पीठ घेऊन.

अकरा वर्षं ती रात्री
शुभवर्तमान हाताने उतरवून काढायची
शाळेच्या चौकटीच्या वह्यांत,
खिडकीला घोंगडी लावून.
लूकच्या नऊ प्रती, योहानाच्या सहा.
एक बटाट्यांच्या पोत्यात कुजली, ती पुन्हा लिहिली.

अधिकारी तरुण होता, सर्दीने बेजार.
"कुणासाठी लिहितेस? नावं सांग.
धाकटी सात वर्षांची ना?
अनाथाश्रमात जागा आहे."

आणि तिला काहीच आठवेना.
इतकी वचनं घोकलेली,
घराला आग लागल्यावर पाहुणे पांगावेत
तशी पांगली.
प्रार्थना म्हणून जिभेवर आलं ते एवढंच:
देवा, लीझाचे बूट ओले आहेत.

तेवढ्यात टेबलाखाली
तिचं बोट आपसूक हललं.
गुडघ्यावरच्या जाड लोकरीत
अक्षरामागून अक्षर,
सवयीने ओळ सरळ ठेवत.
काय लिहिलं जातंय
ते तिला शेवटच्या अक्षराला कळलं.
भिऊ नको.

खोली तीच. धमकी तीच.
फक्त डाव्या अंगाला ऊब,
कुणी न बोलता बाक ओढून
शेजारी बसावं तशी.

"नावं?" त्याने पुन्हा विचारलं.
"तुम्हाला ताप आहे," ती म्हणाली,
"घरी कुणी सूप करून देतं का?"

त्याने पेन खाली ठेवलं.
मग परत उचललं.