आधी पडायला शीक

बावन्नाव्या वर्षी मी दोन्ही हात जमिनीला टेकवले
आणि पाय आभाळाकडे फेकले.
फार वर गेले नाहीत. कमरेएवढे.
पोरं हसली. त्यांत माझा नातू झेफेरिनोही होता.

मारागोजिपीच्या खाडीत
ओहोटीला मी तिसऱ्या वेचते.
आई वेचायची, तिची आई वेचायची.
आमच्यात शेतीवाडी नाही,
वारशाने येतो तो वाकलेला कणा.

शाळेमागच्या शेडमध्ये दर गुरुवारी
मेस्त्री तिबुर्सिओ कापोएरा शिकवतो.
दिवसा तो विटांचा मेस्त्री, संध्याकाळी आमचा,
नखांतलं सिमेंट तेच.
म्हणाला, "लाथ नंतर. आधी पडायला शीक."
मी म्हटलं, बाबा रे,
पडण्यातच तर जन्म गेला.
"गेला असेल. पण हात कुठे ठेवायचा
ते ठाऊक होतं का?"

मग महिनाभर मी पडले.
कुशीवर, तळव्यावर,
एका टाचेवर तोललेली,
डोळे समोरच्याच्या डोळ्यांत.
पडताना खाली बघायचं नाही,
हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं,
ना लग्नात, ना नवऱ्याच्या मयताला.

बेरिंबाउची तार
पंक्चरवाल्याने टाकलेल्या टायरमधून सोललेली,
तुंबा कुणाच्या तरी परसातला,
वाजवायला नदीतला एक गोटा.
एवढ्याशा भंगाराचा आवाज असा,
की वरच्या खिडकीतून शिव्या घालणारी लिंदाउरा
एकदा भांडायलाच खाली उतरली
ती आता खंजिरी वाजवते.

बेड्यांतल्या माणसांनी नाचात लपवलेली लढाई,
असं काहीजण सांगतात.
मेस्त्री म्हणतो, असेल.
ज्यांच्याकडून सगळं काढून घेतलं
त्यांच्याकडे तोल तेवढा उरला होता.

ओस्मारिनाशी मी सात वर्षं बोलत नव्हते.
बोटीच्या मोटरवरून.
मोटर कुणाची हे सगळ्या गल्लीला माहीत आहे,
म्हणून इथे लिहीत नाही.

सां जुआंवच्या होळ्या पेटायच्या आदल्या रविवारी
रिंगण धरलं. टाळ्या सुरू.
मी बेरिंबाउच्या पायाशी उकिडवी बसले,
समोर कोण म्हणून बघते, तर ही.
उठून जाता येत नाही.
हातात हात द्यावाच लागतो.
तिचाही माझ्यासारखाच, शिंपल्यांनी चिरलेला.

ती गर्रकन फिरली. तिचा पाय
सात वर्षांचं वजन घेऊन आला
आणि माझ्या कानशिलापासून बोटभर अंतरावर
थांबला.
टाचेच्या भेगा मोजता आल्या असत्या.
लावायचा होता तिला, ते मला दिसलं.
थांबवला, तेही दिसलं.
मी खाली गेले, शिकले होते तशी,
आणि तिच्या पायाखालून पलीकडे निघाले.
मेस्त्रीच्या हातातला गोटा क्षणभर चुकला.

ऑगस्टात झेफेरिनोला जेटीवरून पोलिसांनी उचललं.
कारण विचारलं, तर कारण नव्हतं.
तेव्हा पांढऱ्या विजारींतली तेरा माणसं
चौकीसमोर जाऊन उभी राहिली.
कुणी घोषणा दिली नाही, दगड उचलला नाही.
उभी म्हणजे, झुलत. एक पाय मागे, एक पुढे.
आम्हाला आता सरळ उभं राहताच येत नाही.
दोन तासांनी साहेबाला घेरी आल्यासारखं झालं
आणि पोरगा बाहेर आला.
तेराव्वी ओस्मारिना होती. काखेत माझ्या चपला,
मी अनवाणी धावले होते.

मोटर अजून तिच्याकडेच आहे.

परवा खाडीत माझा पाय घसरला.
गुडघाभर चिखल, हातात भरली बादली.
मी पडले. बादली उभीच.
तीस पावलांवर ती वाकून वेचत होती,
मान वर न करता म्हणाली,
"हात चुकला तुझा."
मग सुस्कारा सोडून आली,
आपली टोपली माझ्या बादलीशेजारी ठेवली
आणि बरोबर कसं पडतात
ते त्या चिखलात मला पडून दाखवलं.