हात वर

आपल्याकडे हात वर करणं म्हणजे
अंग काढून घेणं.
मला काय विचारता, मी त्यातली नव्हे.

आपेनझेलच्या चौकात उलटं आहे.
एप्रिल सरता सरता एका रविवारी
दोराच्या आत उभं राहायचं, उघड्यावर,
आणि प्रश्न आला की हात वर.
कुणी मोजत नाही. नजरेनंच तोलतात,
उभ्या गवताचा अंदाज घ्यावा तसं.
आत शिरायला कमरेला तलवार हवी,
बापाची, आज्याची. तोच दाखला.

ओटिलिया मान्सर, वय एकाहत्तर,
एकोणपन्नास वर्षं ती तलवार पुसत आली.
चुलीतली राख, जुन्या परकराचं फडकं.
मग बेकरीच्या वरच्या खिडकीत
चार बायकांत कोपरं मुडपून उभी.
तिथून हात दिसायचे
वाऱ्यावरच्या गवतासारखे.
रस्ता, कर, कुरणाची हद्द,
सगळं त्या डोलण्यात ठरायचं.

गेल्या साली तीही ठरली त्यात.
नको, म्हणालं गवत.
बाप्तिस्टचा हात होता का त्यात,
खिडकीतून दिसलं नाही.
तिनं विचारलं नाही. सूप वाढलं.
त्यानं मीठ मागितलं, खाली बघून.

पुढे थंडीत दूरच्या कोर्टानं सांगितलं,
कायद्यात 'इथली माणसं' असा शब्द आहे,
त्यात बायकाही येतात.
शब्द बदलावा लागला नाही.
जागा होतीच त्यात,
कुणी सरकून बसलं नव्हतं.

आणि आज ती दोराच्या आत.
आत गवत-बिवत काही नाही.
समोर एका उंच माणसाची मान,
कोटाला डांबरगोळ्यांचा वास,
कुणाच्या तरी तलवारीची मूठ बरगडीत.
"आतून एवढंच दिसतं?"
"एवढंच," बाप्तिस्ट म्हणाला.

प्रश्न आला: डेअरीकडचा पूल रुंद करायचा?
बाप्तिस्टचा हात वर.
तिचा खाली.
मग आवाज आला, नको कुणाला?

भरतकामानं खांदा कधीचाच धरलेला,
हात कानाच्या वर जात नाही.
तिनं डाव्या हातानं उजवं कोपर उचललं,
जडशी बादली फळीवर ठेवावी तसं,
आणि धरून ठेवलं.
घड्याळ घसरून कोपराशी आलं.
बाप्तिस्टनं पाहिलं. मान वळवली. परत पाहिलं.

पूल मंजूर झाला. ती हरली.

चढ चढताना, दुसऱ्या वळणाशी, त्यानं विचारलं,
"पूल का नको गं तुला?"

एका वाक्यातलं उत्तर नव्हतं ते.
तिच्या आईच्या वेळचा पूर होता त्यात,
पाणी कुठवर आलं, कुणाची वासरं गेली,
नदीला तिथे कमरेत का आवळू नये.
दार आलं तरी संपलं नव्हतं.
तो तलवार हातात घेऊन उंबऱ्यातच थांबला,
म्हणाला, मग?