दोन खटके

एल्ड्रेड अंगणात खुर्ची टाकून बसलाय,
उजवा हात गळ्यात.
जूनमध्ये, ट्राउटच्या पहिल्याच आठवड्यात,
पिकअपच्या फाळक्याला नुसता टेकवलेला रॅम्प
मागच्या मागे सटकला
आणि तीनशे किलोचं क्वाड
त्याच्यासकट उताणं झालं.
खांद्यात आता सात स्क्रू आहेत.
तो सहा म्हणतो. डॉक्टरचा कागद माझ्याकडे आहे.

आता न्यूफाउंडलंडचा ऑगस्ट. दलदलीवर बेकॲपल पिकलीत,
एका देठाला एकच फळ, केशरी, मऊ,
दोन दिवस उशीर केला तर अस्वलाची.
तेव्हा निघायलाच हवं.

नणंदेच्या नवऱ्याकडून ट्रेलर मागून आणलाय,
बुटका, गुडघ्याएवढा.
"आधी कपलर बघ, व्हर्ना," खुर्ची बोलते.
बघितला.
"साखळ्या खालून, फुली करून."
अडकवल्या. हूकखाली झोळीच जणू,
निसटलाच तर झेलायला.
"रॅम्प बांध."
बांधला. मग त्याच्याकडे पाहिलं.
तो शेजाऱ्यांच्या धुराड्याकडे बघत होता.

वर बसून चढवायचं नाही, हे मीच ठरवलं.
क्वाडच्या नाकातली तार ओढून काढली,
ट्रेलरच्या पुढच्या कडीत अडकवली,
बाजूला उभी राहिले, मागे नाही,
आणि बटण दाबलं.
आपल्याच दोरीने आपल्याला ओढत
ते चढत गेलं, कुरकुरत,
बाळंतपणानंतर पहिल्यांदा जिना चढणाऱ्या बाईसारखं.
"थोडं पुढे. अजून वीतभर. बस.
ओझं चाकांच्या पुढे हवं,
मागे गेलं की ट्रेलर शेपूट झोडतो."

गिअर घातला, ब्रेक ओढला, पेट्रोलचा कॉक बंद.
चार कोपरे, चार पट्टे,
हँडलला नाही, खालच्या सांगाड्याला.
खटक, खटक, खटक,
स्प्रिंगा दबून क्वाड खाली बसेपर्यंत.
आणि प्रत्येक पट्ट्याला एक पीळ,
नाहीतर वाऱ्यात तो गुणगुणतो.
हे त्यानेच शिकवलेलं, लग्नाच्या वर्षी,
होडी बांधताना.

चौथ्या पट्ट्याला तो उठला.
"हा माझा."
डाव्या हाताने, टोक दातांत धरून,
वीस मिनिटं.
मी थर्मास भरायला आत गेले.
थर्मास भरलेलाच होता.
सुंभ जळेल, पीळ जायचा नाही,
असा हा माणूस.

रस्त्याला लागलो.
स्प्रूस, तळं, स्प्रूस, परत तळं.
आणि मागून, अगदी बारीक,
बाटलीत माशी अडकावी तशी
गुणगुण.
चौथा कोपरा.
पिळाच्या माणसाने पीळच दिला नव्हता.

त्यालाही ऐकू आलं असणार.
रेडिओचा आवाज त्याने वाढवला.

दहा किलोमीटरवर थांबून पट्टे बघायचेच असतात,
शिस्त त्याचीच,
त्यामुळे निमित्त शोधावं लागलं नाही.
खडीच्या खाणीपाशी गाडी बाजूला घेतली.
तीन पट्टे हलवून पाहिले. अख्खा ट्रेलर हलला, पट्टे नाही.
चौथा नुसताच हातात आला,
वाळत घातलेल्या पायमोज्यासारखा.
सोडला. पीळ दिला. ओढला.
अकरा खटके.
मानेला माशा चावत होत्या.
बाजूच्या आरशात त्याचा चेहरा होता,
लहानसा, माझ्याकडे लागलेला.

आत बसले. दार लावलं.
"किती?"
"दोन."
त्याने मान हलवली.
"दोन म्हणजे काहीच नाही."
"काहीच नाही."

मैलभर गेल्यावर त्याने रेडिओ बंद केला.
"डबे घेतलेस ना," म्हणाला,
"झाकणांसकट?"