झडती

साडेपाच वाजले की दादा उठतात,
जेलरोडच्या आमच्या दोन खोल्यांत
दाराशी जाऊन उभे राहतात, हात वर करून.
प्रेसची पाळी सुटली, म्हणतात.
अंगावर कागदाचा कपटा नाही, बघून घ्या.

मी सांगायचो, दादा, रिटायर होऊन एकोणीस वर्षं झाली.
हे घरच आहे. मी दिगंबर.
हात थरथरायचे, तरी वरच.
मग मी आणखी मोठ्यानं सांगायचो,
जणू प्रश्न कानांचा होता.

रंजना पगारे कामाला लागल्या त्या संध्याकाळी
त्यांनी भांडी तशीच सोडली,
ओले हात पदराला पुसले
आणि घेतली झडती :
बंडीचे खिसे, कंबर, पायजम्याची दुमड.
खिशात चार द्राक्षं निघाली,
दुपारच्या बशीतली, चेपलेली.
"हे काय?"
"पोराला," दादा हळूच म्हणाले. "लहान आहे."
"न्या मग. जा, घरी वाट बघत असतील."

हात खाली आले.
दादा वळले, तीन पावलं चालून घरी पोचले,
आणि मला,
बावन्न वर्षांच्या त्या कुणा गृहस्थाला,
विचारलं, पोर झोपलं का?

नाही अजून, मी म्हणालो.
आणि हात पुढे केला.