उपकरणाचे वय

पौनीकर मॅडमनी फॉर्म दिलाय.
पहिला रकाना, उपकरणाचे नाव.
लिहिलं : हातट्रॉली, नंबर सात.
दुसरा रकाना, वय.
इथं पेन थांबला.

दांडा एकोणीस वर्षांचा.
पंपाचं सील परवाच्या बुधवारचं.
पुढची चाकं नऊ नंबरची,
ती कंटेनरखाली आली तेव्हा
मी तिचे सुटे भाग काढून ठेवले होते
बिस्किटांच्या डब्यात, चिठ्ठी चिकटवून.
काटे दोनदा जोडले इंदल उईकेनं,
हिंगण्याच्या वर्कशॉपात, दोन कट चहावर.
आता ते वर्कशॉप नाही, इंदलही नाही.
त्याचा टाका रोज दीड टन उचलतो.
मॅडम, वय कोणाचं लिहू?

"अंदाजे लिहा ना काका."

वाडीचं गोदाम, मे महिना.
पत्र्याखाली किती डिग्री ते कोणी मोजत नाही,
मोजून कमी होत नाही.

डिझेलची गाडी गेली मागच्या उन्हाळ्यात.
बारा वर्षं तिचा धूर माझ्या रुमालात साचला,
रात्री तोंड धुताना नाकातून काळं निघायचं.
बॅटरीवाली आली, आवाजच नाही.
हमाल दचकायचे.
"अबे, हे तं मांजरीवानी येते!"
शेवटी पराते तिला सायकलची घंटी बसवून मोकळा झाला.
रात्रभर चार्जिंग, सकाळी पोट भरलेलं.
महिनाभर माझा रुमाल पांढरा राहिला.
मी तो बायकोला दाखवलाही.

मग राखीला कोराडीला गेलो, वच्छलाकडे.
तिनं अंगणातल्या दोरीवरची चादर ओढली,
झटकली,
आणि पिठासारखं काहीतरी हवेत उडालं.
मागं चिमण्या उभ्या होत्या, नेहमीसारख्या, धूर सोडत.
"दादा, तुमच्या गोदामातला धूर बंद झाला म्हणते वहिनी?"
हो म्हणालो.
"बरं झालं," ती म्हणाली, आणि उशीचा अभ्रा झटकायला घेतला.
तिच्या बोलण्यात काहीच नव्हतं.
मलाच ताटातलं गोड गिळेना.

आमच्या छतावर पॅनेल आहेत.
भर दुपारी त्यांची वीज उरते,
आणि गाडी तेव्हा उन्हात उभी, रिकामी.
म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत लावू चार्जिंगला.
"डबा सोडून कोण उठन काका?"
मी उठतो.
सव्वाबाराला लावतो, पावणेदोनला काढतो.
सगळं भागत नाही त्यात.
ढग आले तर अर्धंही नाही, रात्री पुन्हा प्लग घालावाच लागतो.
पण जेवढं भागतं
तेवढ्यानं त्या चादरीवरची किती राख कमी होते,
यासाठी फॉर्ममध्ये जागा नाही. मी मागची बाजूही पाहिली.

तिसरा रकाना आहे भंगाराचा. वजन, किलोत.
यात मी थोडं खोटं लिहिलंय, सांगून टाकतो.
तुटक्या पॅलेटच्या सहा फळ्या
आणि नऊ नंबरची मागची दोन चाकं
भंगारात गेली नाहीत.
तान्ह्या पोळ्याला पलकसाठी बैल केला त्यांचा.
शिंगं वाकडी झाली, मला सुतारकी येत नाही.
पुढं हातठेल्याची दोन जुनी चाकं लावली.
मोहल्ल्यातले बाकीचे बैल
गटाराच्या झाकणाशी अडकून बसले.
आमचा गेला वरून, खडखडत,
एकेकाळी सिमेंट वाहिलेल्या चाकांवर.
पोरं विचारत होती, कुठून आणला वं?
पलक म्हणाली, आबाच्या ऑफिसातून.
ऑफिस!

तर वय.
आधी एकोणीस लिहिलं. खोडलं.
बुधवारपासून, असं लिहिलं. तेही खोडलं.
मग लिहिलं : चालू आहे.

मॅडमनी चष्मा वर केला.
"काका, इथं आकडा लागतो. कॉम्प्युटर घेत नाही."
त्यांचंही खरं.
बाहेर ट्रक लागला होता, संत्र्याच्या रिकाम्या क्रेटचा.
मी सात नंबरचा दांडा तीनदा दाबला.
काटे वर आले,
थोडे डावीकडे कललेले.
ते नेहमीचंच.