तिसरा पाय

मेश्राम सिस्टरनं पिशवीतून काढून
काउंटरवर ठेवली ती जॉयस्टिक.
काळी. बुडाला रबरी वाट्या चार, त्यातली एक गायब.
वायरीच्या टोकाला पंधरा टाचण्यांचा प्लग,
आता कोणत्याच लॅपटॉपला न बसणारा.
"पाचव्या वेतन आयोगाच्या थकबाकीत घेतली होती, पोरासाठी.
पोरगा क्रिकेटच पाहत बसे.
विमान मीच चालवलं."

मी मोटारी भरतो, आर्वी-तळेगाव रस्त्यावर.
तांब्याची तार, वार्निशचा वास,
जळून आलेले पंप दारापर्यंत रांगेत,
आणि ज्याला त्याला आपला कालच पाहिजे.
तरी म्हटलं, ठेवून जा, पाहतो.
त्या गेल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या.

चार स्क्रू. आत धूळ, वाळकी मुंगी, दोन स्प्रिंगा
आणि दोन पॉट,
जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागं असतात तसेच.
एक डावं-उजवं सांगणारा, एक नाकाचं वर-खाली.
पॉटला पाय तीन.
वायर दोनच पायांना.
तिसऱ्यावर कथिलाचा थेंबही नाही.

मी सांगितलं, जुनं कार्ड एवढंच विचारायचं:
अडवतोस किती? दोन पायांत भागायचं.
ही नवी पट्टी, बोटाएवढी,
नागपूरहून चारशे वीस रुपयांत आलेली,
ही विचारते: पाच व्होल्ट इकडे, शून्य तिकडे,
यांच्या मधात तू उभा कुठं आहेस?
त्याला तिसरा पाय लागतो.

"म्हणजे पंचवीस वर्षं तो नुसताच होता?"
नुसताच.
"आमच्या उपकेंद्राला होता असा एक शिपाई."

मग लाईन गेली.
सोल्डरिंग गन थंड होत गेली, आम्ही बसून.
दिवसा लसीचा डबा खांद्याला, त्या सांगत होत्या,
नाल्यातून, पऱ्हाटीतून, चपला हातात घेऊन.
रात्री रजिस्टर मिटलं की
नागपूरहून उडायचं, दहा हजार फूट,
आपल्या गावावर यायचं.
गाव दिसायचं नाही. वर्धा नदीची निळी रेघ,
बाकी सगळं सपाट, तपकिरी, एकसारखं.
"पण मला माहीत असे ना,
खाली कोणाला दिवस गेलेत ते."

लाईन आली. त्यांनी वायर धरली,
बोटं जराही हलली नाहीत,
मी टोक टेकवलं, धूर निघाला.
"लागली शीर," म्हणाल्या.

पुढचं काम माझ्या भाच्याचं, मोबाईलवरून.
काडी मोकळी सोडली की पडद्यावर आकडा यायचा ४८९,
मध्य खरा ५१२. मधोमध कार्बन झिजलेला.
भाचा म्हणाला, मामा, ४८९लाच मध्य मान.
मानला. एका ओळीत विमान सरळ.
मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू,
पंप सुरू झाल्यावर वाटतं तसं.

सिस्टरनं उडवलं.
विमान उजवीकडे कलंडलं.
पुन्हा उडवलं. पुन्हा उजवीकडे,
धावपट्टी सोडून गवतात.
मी वायरी तपासल्या. वायरी बरोबर होत्या.
त्यांनी आपल्याच मनगटाकडं पाहिलं
आणि हसू आलं त्यांना.
"ते डावीकडं ओढायचं, भाऊ. सारखं.
मी इतकी वर्षं उजवीकडं धरून होते."

मग जरा थांबून,
दवाखान्यात कोणी उधारी मागावी तशा आवाजात:
"थोडं बिघडवून देता येईल का?"

मी ५१२ लिहिलं.

बिलबुकात दोनच रकाने, मोटार आणि पंखा.
मोटारीत लिहिलं: एक नग, जुना दोष कायम.
पट्टीचे चारशे वीस. मजुरी त्या देत होत्या,
मी घेतली नाही, मग अर्धी घेतली.

पंधरा टाचण्यांचा प्लग राहिला माझ्याकडे,
खिळ्याला लटकलाय.
काल एक जण विचारत होता,
हा कोणत्या पंपाचा?