बाजू लिहिलेली नाही

केसपेपरवर डॉक्टर गायधनींनी लिहिलंय
'जबडा फ्रॅक्चर', आणि खाली सही,
तीही मोडून वाकडी बसलेल्या हाडासारखी.
डावा की उजवा, लिहिलेलं नाही.
कोन, की हनुवटीजवळ, की कानापुढचा सांधा,
जखम उघडी की बंद,
काही नाही.

मुंबई नाक्यामागच्या या तळघरात
माझं काम एवढंच, हाडाला आकडा देणं.
एस, शून्य दोन, टिंब, सहा, पाच.
पुढचा आकडा बाजूचा. उजव्याला एक, डाव्याला दोन,
माहीत नसेल तर शून्य.
शून्य टाकलं की क्लेम परत येतो
पत्ता अपुरा असलेल्या पाकिटासारखा.

कोर्सच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं:
लिहिलं नाही ते घडलं नाही.
मी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं,
म्हणजे ते तरी घडलं.

काशिनाथ बेंडकुळे, वय चोपन्न.
व्यवसायाच्या रकान्यात 'मजूर'.
'मजूर कुठला,' शरणपूरच्या सिस्टर लिलियन म्हणाल्या,
'पंचवटीच्या यार्डात लिलाव पुकारतो तो.
मेथी, कोथिंबीर, शेपू.
संध्याकाळी त्याचा आवाज
दिंडोरी रोडच्या चहावाल्याला ऐकू जातो.'

आता वरचे दात खालच्या दातांना तारेनं बांधलेले.
सहा आठवडे. स्ट्रॉ, वरणाचं पाणी,
आणि उशाशी तार कापायची पकड,
उलटी झालीच तर.

मी वर गेले विचारायला. नियमात बसत नाही ते.
'काका, कुठली बाजू?'
त्यांनी डाव्या गालावर हात ठेवला.
हे सोपं होतं.
'कशानं लागलं?'

कारणालाही कोड असतो.
आपण पडण्याला एक,
अंगावर काही पडण्याला दुसरा,
माणसाच्या हाताला तिसरा.

पेन पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.
खांद्यावरचा पंचा हातावर ओढला
आणि त्याखाली माझी बोटं धरली,
हत्त्याच्या काळात जुने व्यापारी धरायचे तशी,
भाव तिसऱ्याला कळू नये म्हणून.
मी हळूच म्हटलं,
एक म्हणजे पडलात,
दोन म्हणजे क्रेट अंगावर आलं.

पंच्याखाली पाचही बोटं माझ्या तळव्याला लागली,
मग एकेक करून मिटली.

दाराशी अडतीवरचा एक पोरगा
डबा घेऊन उभा होता. कधीपासून, माहीत नाही.
मिटलेली बोटं सुटली.
माझं एकच बोट दाबलं त्यांनी,
सौदा तोडताना पुकारतात त्या लयीत:
एकवार, दोनवार,
तीनवार.

डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली. बाजू? जागा? कारण?
उत्तर आलं, 'डावी. कोन. बंद.'
कारणाची ओळ तशीच कोरी.
मी टाकलं: पडणे, तपशील उपलब्ध नाही.
सातव्या जागी ए, म्हणजे पहिला उपचार.
क्लेम चौथ्या दिवशी पास.
शबाना मॅडमनी ग्रुपवर माझ्यासाठी अंगठा टाकला.

तार निघाली त्या दिवशी मी मुद्दाम वर होते.
आता ए जाऊन डी येणार,
हाड वेळेवर जुळतंय, असा त्याचा अर्थ.
पेपरवर यावेळी स्वच्छ अक्षर:
'तोंड दोन बोटं उघडतं.'
तीन तरी लागतात.

'पुकारा की काका,' सिस्टर हसत म्हणाल्या.
ते माझ्याकडे बघत होते.
जीभ आधी दातांवरून फिरली,
बऱ्याच दिवसांनी घर उघडल्यावर
माणूस भिंतींवरून हात फिरवतो तशी.
मग आवाज आला, खरखरीत, खाटेच्या कडेपर्यंत पोचेल इतकाच:
'पाच.'

'मेथीचा भाव,' सिस्टर म्हणाल्या.

त्या आठवड्यात यार्डात
बावीसच्या खाली जुडी सुटत नव्हती.